बोलणारं बेअरिंग

आमची प्रेरणा लहानपणापासून न बोलणारी. पडली, लागलं, तर गुडघ्यावर माती दाबून घरी यायची आणि मला दुसऱ्या दिवशी पांघरुणावर रक्ताचा डाग दिसायचा. तेव्हापासून तिच्या गप्प बसण्याची मला धास्ती आहे. आणि आता तिनं कामही असं धरलंय, की ती धास्ती रोजचीच झाली.

किकवीला हायवेलगत आमचं गॅरेज आहे. माझे यजमान तिथं ट्रॅक्टरची आणि जीपची इंजिनं दुरुस्त करत आले. प्रेरणानं मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, चाकणला कंपनीत नोकरी धरली आणि एके दिवशी बॅग घेऊन परत आली. का, ते सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून बापाशेजारी बसून इंजिन उघडायला लागली. सुरुवातीला गिऱ्हाईक विचारायचं, गोरखशेठ कुठायत? ती म्हणायची, जेवायला गेलेत, आणि ते येईपर्यंत काम उरकून टाकायची. हळूहळू शर्यतीच्या गाड्या पळवणारी पुण्याची पोरं तिचं नाव विचारत येऊ लागली. तिच्या लग्नाचं बोलायला आलेल्या एक बाई तिचे काळे हात बघून चहा अर्धा टाकून उठल्या. प्रेरणा एवढंच म्हणाली, "आई, उरलेला चहा मला दे."

दिवाळीनंतर अजित नावाचा एक जण आपली शर्यतीची गाडी टेम्पोत घालून आला. दुसऱ्या गॅरेजात खोलून पुन्हा बांधून घेतलेलं त्याचं इंजिन घाटात, वेगात असताना जाम झालं होतं. चाकं जागच्या जागी अडकली, गाडी गरकन फिरली. ती दरीकडे न जाता डोंगराला धडकली, म्हणून हा माणूस आमच्या ओट्यावर बसून पोहे खात होता.

कारण एवढंसं होतं: क्रँकचं बेअरिंग. क्रँक म्हणजे इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा. त्याला धरून ठेवणाऱ्या धातूच्या पातळ, अर्धगोल पट्ट्या म्हणजे बेअरिंग. दोघांच्या मधे तेलाचा थर असतो, त्याच्यावर तो दांडा फिरतो. जळालेली एक पट्टी प्रेरणानं माझ्या हातात दिली. करपलेल्या भाकरीच्या कडेसारखी झाली होती. मी अजितकडे पाहिलं आणि मला त्याच्या जागी माझी मुलगी दिसली. कारण बांधलेलं इंजिन पहिल्यांदा घाटात नेते ती तीच.

अजितनं कडक धातूची नवी बेअरिंग बरोबरच आणली होती. त्याचे शर्यतवाले मित्र हीच घालतात म्हणे. प्रेरणाला मऊ थराची हवी होती. यजमानांचं तिसरंच. कुठलंही घाल, पण घट्ट बसव, ट्रॅक्टरला बसवतो तसं. ती म्हणाली, हे इंजिन ट्रॅक्टरच्या कितीतरी पट वेगानं फिरणार, तेलाला जागा नको का? "लई शिकलीस," म्हणून त्यांनी तंबाखू मळायला घेतली.

मला राहवेना. मी विचारलं, दोन्हीत धोका कशात कमी?

तिनं हातातलं फडकं खाली ठेवलं. "कडक बेअरिंग जोर जास्त सोसतं, आई. पण हे इंजिन एकदा जळालंय. कितीही धुतलं तरी कुठंतरी कण राहतोच. मऊ बेअरिंग तो कण स्वतःत रुतवून घेतं. आणि जायच्या आधी बोलतं. आवाज बदलतो, तेलात तांबूस चमक येते. कडक गप्प राहतं. गप्प, गप्प, आणि मग एकदम."

मी तिच्या तोंडाकडे बघतच राहिले.

अजित तरी ऐकेना. तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "दादा, कडकच घालू. फक्त पहिल्या फेरीला तुम्ही माझ्या बाजूला बसायचं." त्यानं त्याच दिवशी मऊ बेअरिंग मागवली.

काल सारोळ्याला नात्यातल्या एका मुलीचं डोहाळजेवण होतं. मी तिथं असताना यजमानांचा फोन आला, पोरगी अजितची गाडी घिऊन येल्ह्याकडं गेलीय. मला आधी का नाही सांगितलं, असं विचारलं तर म्हणाले, "सांगितलं असतं तर तू जेवली असतीस व्हय?"

वेल्ह्याच्या वाटेवर पाबे घाट लागतो, तिथं रेंज नसते. तिचा फोन लागत नव्हता. बायका गाणी म्हणत होत्या, झोपाळ्यावरची मुलगी लाजत होती आणि माझ्या डोळ्यांपुढे एकच वळण येत होतं. दर वेळी त्या वळणावर चाकं अडकत होती. पंगत बसायची होती, मी तशीच उपाशी निघाले आणि मिळेल त्या शेअर रिक्षानं किकवीला आले.

गाडी दारात उभी होती. प्रेरणानं तेलाचा फिल्टर कापून आतला कागद उन्हात ताटात पसरला होता. बेअरिंग झिजत असेल तर त्याचे कण त्या कागदात सापडतात. मी चष्मा लावला आणि तांदूळ निवडायला बसावं तशी ताटावर वाकले. घडी घडी उलगडत गेले. एका घडीत काहीतरी चमकलं.

"प्रेरणा, हे तांबूस काय गं?"

तिचा चेहरा उतरला. ती जवळच्या टायरवर बसली. "म्हणजे गेलं," म्हणाली. मग माझ्याकडे न बघता पुढे बोलली, "आई, वरच्या वळणापासून मला भीती वाटत होती. आवाज चांगला होता, तरी."

आयुष्यात पहिल्यांदा तिनं मला असं काही सांगितलं होतं. मी तिच्या मानेवर हात ठेवला. मान घामानं ओली होती.

तेवढ्यात यजमान आले. त्यांनी सुईच्या टोकानं तो कण उचलला. तो केसासारखा उलगडला. त्यांनी माझ्या पदराकडे पाहिलं. "आगं, ही तुझ्या साडीची जर हाय."

डोहाळजेवणाला म्हणून जुनी काठाची साडी नेसले होते, तिचे काठ झिजलेले. प्रेरणा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मला हसू येईना. सगळा कागद पुन्हा तपासला. काही नव्हतं. म्हणजे इंजिन ठीक होतं, आणि म्हणजे उद्या पहाटे ती पुन्हा घाटात जाणार, या वेळी इंजिनाला पुरता जोर देऊन.

आज जेवताना तिनं आपणहून सगळं सांगितलं. कधी निघणार, कुठं थांबणार, फोन कुठून लागेल. आता मला त्या घाटातलं प्रत्येक वळण माहीत झालंय.

ती झोपली आहे. परत आल्यावर कागद बघायला मलाच बसवणार आहे. जेवून उठताना म्हणाली, "उद्या साधी सुती नेस."