टेकूमास्तर

आचऱ्याच्या आमच्या धाकट्या काकांइतका, ज्याला कोणी विचारत नाही अशा गोष्टीवर जीव टाकणारा माणूस अख्ख्या मालवणपट्टीत झाला नसेल. शाळेत शास्त्र शिकवायचे. पण धडा कुठलाही असो, गाडी मेंदूतल्या आधारपेशींपाशी येऊन थांबायची. "विचार करणाऱ्या पेशींचे गोडवे सगळेच गातात," ते म्हणत, "पण पोटातल्या पोराचा मेंदू घडताना कोवळ्या पेशी वर चढतात त्या कोणाला धरून?" पोरांनी त्यांचं नाव टेकूमास्तर ठेवलं आणि काकांना ते मनापासून आवडलं. लग्नाला गेले की नवरानवरी राहिली बाजूला, मानाचा नारळ आधी डोक्यावर गॅसबत्ती धरणाऱ्याच्या हातात. काकी लाजेने अर्धी व्हायची.

साठ सालच्या आसपास, शिमग्यात, सुरमई कापताना काकीचा हात आडाळ्याच्या, म्हणजे विळीच्या, पात्यावर पडला आणि मनगट चिरलं. डॉक्टरांनी तुटलेला मज्जातंतू शिवला, पण अंगठा आणि शेजारची दोन बोटं लाकडासारखी झाली. सुई टोचली तरी कळेना. "म्हावरा साफ करूक जमना, तर मी कसली बाई?" म्हणून ती रडायची. आम्हाला तिच्याकडे बघवत नसे.

काकांना मात्र खात्री. चिरेच्या पुढचा तंतू मरतो, पण त्याच्या भोवतीच्या आधारपेशी, मेंदूतल्यांच्याच भावकीतल्या, रांग धरून वाट राखतात. नवा तंतू त्या वाटेने मुंगीच्या पावलाने येतो. रोज सकाळी ते काकीच्या हातावर टिचक्या मारत पुढे सरकत. झिणझिण्या उठतील तिथवर तंतू आला, असा हिशोब.

"खंय पोचलो गो?"

"हय. आता सोडा, पेज उतू जाता."

मग तिथे काजळाचा ठिपका. शेजारणींना वाटलं, मास्तर देवस्की करतायत.

ठिपका तळव्याच्या मध्यावर आला आणि काका तापाने गेले. आठवडाभरात सगळं आटोपलं. काकीने त्या हाताला पुन्हा कोणाला टिचकी मारू दिली नाही. बोटांची आशा मीही सोडली होती, खोटं कशाला बोलू?

वर्षश्राद्धाला चुलीवरच्या टोपाचं झाकण उचलताना तिने तोच हात एकदम झटकला. मी पाणी घेऊन धावलो. बोटाचं टोक लाल झालं होतं, पण ती ते पाण्यात बुडवूच देईना.

"ऱ्हवांदे," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांना धार लागली होती. "दुखता माका. वायच दुखांदे."