हनुवटीची पट्टी

पेशंटच्या घरी चहा घेतला की एखादा किस्सा मिळतोच. बारा वर्षांत इतके साचलेत की विचारू नका. हसून सांगावेत असे मात्र थोडेच.

मी नागपुरात स्लीप अ‍ॅप्नियाची मशीन बसवून देते. झोपेत ज्यांचा श्वास अडकतो आणि मग दिवसा डुलक्या लागतात, त्यांना ही मशीन नाकावरच्या मास्कमधून हवा देते. तोंड उघडलं की हवा तिकडून निसटते. म्हणून काहींना हनुवटीखालून डोक्यावर जाणारी कापडी पट्टी लागते. चिन स्ट्रॅप. दिसते साधी, पण तिच्याइतका ताप मशीननं मला कधी दिला नाही!

*

नरखेडकडचे एक संत्र्याचे बागायतदार. मशीनचा आवाज नको म्हणून त्यांनी ऑनलाइन नुसती पट्टी मागवली. घोरणं थांबलं. मला फोन आला, "मॅडम, मशीन राहू द्या. बिमारी गेली!"

महिन्याभरात भर दुपारी मोटरसायकल चालवताना डुलकी लागली. गाडी थेट विहिरीच्या कठड्यावर. मांडीचं हाड मोडलं.

बघायला गेले तर बायको म्हणाली, "आवाजच बंद झाला होता वं ताई. श्वास तं रातभर अडकतच होता. मले काय माहीत!"

*

कामठीचे रमेशभाऊ पॉवरलूमवर रात्रपाळी करायचे, दिवसा झोपायचे. सर्दी असतानाही पट्टी बांधून झोपले. त्यात लाइट गेली, मशीन बंद. जाग आली ती गुदमरून. वेल्क्रो सापडेना. गाल ओरबाडत कशीबशी पट्टी काढली.

मी विचारलं, "नाक चोंदलं होतं तर बांधली काहून?"

ते ओरडलेच, "तुम्हीच म्हणलं ना, रोज बांधा! नाक बंद, तोंड बंद. श्वास का कानातून घेऊ?"

म्हटलं होतं मी तसं. आता पहिलं वाक्य हेच सांगते, नाक बंद असेल तर पट्टी नाही. रमेशभाऊंना डॉक्टरांनी पुढे नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क दिला. माझ्याशी ते अजून बोलत नाहीत.

*

बेसाच्या एका शिक्षिकेनं हवा गळू नये म्हणून पट्टी करकचून आवळली. जबडा दुखत होता, पण आठ दिवस कोणाला सांगितलं नाही. मुलाच्या साखरपुड्यात विहीणबाईंनी पेढा पुढे केला, तर तोंडच उघडेना! डोळ्यांतून घळाघळा पाणी.

मागून कोणीतरी कुजबुजलं, "मुलाच्या आईले पोरगी पसंत नाही वाटते."

लग्न झालं. पण सून अजून विचारते, "आई, तेव्हा खरंच जबडाच दुखत होता ना?"

*

एक कंत्राटदार दुपारच्या लग्नातून पिऊन आले आणि मशीन लावून, पट्टी बांधून आडवे झाले. झोपेत उलटी झाली. बायको खोलीतच होती, तिनं कात्रीनं पट्टी कापली, म्हणून वाचले. चार दिवस आयसीयूत.

घरी आल्यावर ती म्हणाली, "बाटली नाही तं पट्टी. एकच काहीतरी तोंडाले लावा!"

पुढच्याच आठवड्यात त्यांनी पट्टी आणि मशीन माझ्याकडे परत पाठवली.

*

महादेवराव, रिटायर्ड पोस्टमन. लकव्यानं एक हात गेलेला, म्हणून पट्टी बांधायचं काम त्यांच्या बायकोचं, शांताबाईंचं. मी शिकवलं होतं, गाल आणि पट्टीच्या मधे दोन बोटं सहज गेली पाहिजेत. पाच वर्षं त्या रोज बोटं घालून बघायच्या. "लागते का गा?" विचारायच्या. ते मानेनं नाही म्हणायचे.

गेल्या उन्हाळ्यात सकाळचा चहा पिता पिता महादेवराव गेले. हार्ट अटॅक. नेमकं त्याच दिवशी मला मास्क बदलायला जायचं होतं. पोचले तेव्हा त्यांना चटईवर निजवलं होतं. तोंड उघडं राहू नये म्हणून पुतण्या कापडाच्या पट्टीनं त्यांची हनुवटी बांधत होता.

शांताबाई भिंतीजवळून उठल्या. जवळ जाऊन त्यांनी कापडाखाली बोटं घालून पाहिली.

"ढिली कर गा," त्या पुतण्याला म्हणाल्या. "दोन बोटं गेली पाहिजेत."