उंबऱ्याबाहेरचं तोंड

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, ट्रकचे मिस्त्री. हाताखाली चार माणसं, छपराखाली दोन ट्रक, आणि तोंडात शिव्यांचा न आटणारा साठा. गंजलेला नट सोडवायची त्यांची एक ठरलेली रीत होती. आधी तेल सोडायचं, मग थोडा दम खायचा, मग नटाला एक शिवी हासडायची आणि त्यानंतरच पान्याला हात घालायचा. हा क्रम कोणी चुकवला की दाजी त्याच्या हातातला पाना काढून घ्यायचे. नुसत्या जोराने नट तुटतो, सुटत नाही, असं त्यांचं म्हणणं.

आवडती शिवी एकच. "हल की भडव्या." नटाला तीच, ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांना तीच, जेवणाचा डबा उघडेना तरी तीच. मन लावून काम करणाऱ्या माणसालाही पाठीवर थाप मारून हीच. राग आला की मात्र दाजींची शिवी बंद व्हायची. मग ते समोरच्याला "अहो साहेब" म्हणायचे, आणि गॅरेजमधली सगळी माणसं माना खाली घालून कामाला लागायची.

आता हे गॅरेजमधलं झालं. घरात हा माणूस म्हणजे गाय. मी त्यांच्या खालच्याच मजल्यावर राहते, शिवणाचं मशीन जिन्याच्या खिडकीशी आहे, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं. संध्याकाळी दाजी तीन मजले चढायचे, बंद दारासमोर शेवटच्या पायरीवर बसायचे आणि बुटांच्या नाड्या सोडता सोडता दिवसभराच्या उरल्यासुरल्या शिव्या काढून टाकायचे. एक रस्त्याला, एक गिऱ्हाइकाला, एक स्वतःच्या गुडघ्याला. मग बूट भिंतीशी लावायचे, घसा खाकरायचा आणि बेल वाजवायची. आत गेल्यावर बोटावर हातोडी पडली तरी नुसतं "अगं आई गं".

याला कारण माझी ताई. आणि ताईला कारण आमचे वडील.

आमचे वडीलही शिव्या द्यायचे, पण नटाला नाही, आमच्या आईला. मीठ कमी पडलं, शिवी. जास्त पडलं, शिवी. बरोबर पडलं तर कालच्या कमी पडलेल्या मिठाची आठवण काढून शिवी. आई पदराने तोंड पुसायची आणि ताट वाढत राहायची. त्या माणसाचा मला आजही राग येतो, मेला म्हणून येऊ नये असं काही नाही. मी निगरगट्ट निघाले, बापाचीच जीभ उचलली. दोरा तुटला तरी माझ्या तोंडून काय निघेल याचा नेम नसतो. ताईचं उलटं झालं. शिवी कानावर पडली की तिच्या हातातलं भांडं खाली पडायचं, लग्नाच्या वयाची झाली तरी.

दाजींचं स्थळ आलं तेव्हा तिने काहीच मागितलं नाही. एवढंच म्हणाली, घरात शिवी नको, रागाने नको आणि गमतीनेही नको. दाजी बराच वेळ टोपी हातात फिरवत बसले. मग म्हणाले, "माझं तोंड नासकं आहे, ते काही सुधारायचं नाही. पण बुटांबरोबर बाहेर ठेवीन." आम्ही सगळे हसलो होतो. ताई हसली नव्हती, तिला ते पटलं होतं. आणि या गड्याने ते उभा जन्म पाळलं. मुलगा झाला, वाढला, नोकरीसाठी परगावी गेला, पण बापाच्या तोंडची शिवी त्याने घरात कधी ऐकली नाही.

मग दाजींना झटका आला. गॅरेजातच, ट्रकखालून बाहेर येताना. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी नाव विचारलं. दाजींनी जिवाचा आटापिटा केला, कपाळाची शीर फुगली, आणि तोंडातून स्वच्छ, खणखणीत शब्द आला, "भडव्या." ताईने डोळे मिटून घेतले. डॉक्टर मात्र खूश. म्हणाले, असं होतं, बाकीचे शब्द जातात आणि शिवी तेवढी राहते. त्यांनी बोलायला शिकवणाऱ्या बाईंना बोलावलं. त्या बाईंनी ताईला बजावून सांगितलं की या एका शब्दाला धरूनच बाकीचे परत आणायचे आहेत, तेव्हा यांना अडवू नका. ताईने मान डोलावली. भेटायला आलेल्या थोरल्या दिरांना, नर्सबाईंना, मला, सगळ्यांना दाजींनी त्याच शब्दाने आशीर्वाद दिले, आणि प्रत्येक वेळी ताई खिडकीबाहेर बघत राहिली.

घरी आणलं त्या दिवशी शेजारपाजारचे दारात जमले होते. दाजींना पलंगावर टेकवलं. आपली उशी, आपली खिडकी, आपलं घड्याळ बघून त्यांचा चेहरा फुलला आणि ते म्हणाले, "भडव्या!" ताईचा हात आपोआप वर गेला. दाजींच्या तोंडावर बोटं टेकवून ती हळूच म्हणाली, "अहो, घर आहे."

एवढंच. त्यात राग नव्हता, सवय होती. पण तेव्हापासून दाजी गप्प झाले ते झालेच.

बाई यायच्या, चित्रं दाखवायच्या. कप, कंगवा, किल्ली. दाजी बघायचे आणि तोंड भिंतीकडे करायचे. मी नाना तऱ्हा केल्या, मुद्दाम त्यांच्या गॅरेजाला नावं ठेवली, पण ढिम्म. बाईंचा चेहरा दिवसेंदिवस उतरत चालला. शेवटी त्यांनी स्पष्टच सांगितलं की हे असंच चाललं तर उरलेला शब्दही जाईल आणि मग आपल्या हातात काही राहणार नाही. ताईला वाटलं दुखणं वाढलं. तिचं जेवण सुटलं.

मग तपासणीचा दिवस आला. वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर आणि मी, दोघांनी दाजींना धरून बाहेर आणलं आणि पायरीवर बसवलं. मी बूट चढवायला गेले. उजवा पाय लाकडासारखा ताठ, टाच काही आत जाईना. दाजींनी बुटाकडे पाहिलं, आणि इतक्या आठवड्यांनंतर, अगदी स्पष्ट, "भडव्या!"

मला नाचावंसं वाटलं. ताई पिशवी घेऊन दारात उभी होती, तीही रडत हसली. गाडीत दाजी बोलले, दवाखान्यात बोलले, परत येताना जिन्यात धाप लागली तेव्हा जिन्याला बोलले. आणि उंबरा ओलांडला की पुन्हा तोंडाला कुलूप. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

"ताई," मी म्हटलं, "तुझा नवरा मुका झालेला नाही. तुझा शब्द पाळतोय."

ताई मटकन उंबऱ्यातच बसली.

दुसऱ्या दिवशी दाराबाहेर खुर्ची आली. सकाळचा चहा झाला की दाजी तिथे. बाई पायरीवर बसून शिकवू लागल्या. पोस्टमास्तर रोज दूध आणायला उतरताना "भडव्या" ऐकायचे आणि हात जोडून "नमस्कार" म्हणायचे, आणि एखाद्या दिवशी दाजी गप्प असले तर तब्येत विचारायचे. हळूहळू त्या शब्दाच्या मागून दुसरे यायला लागले. "भडव्या, बूट." मग "पाणी". मग "जिना". ताईने आपली विळी बाहेर आणली, भाजी बाहेर चिरू लागली. उभ्या संसारात बोलले नसतील एवढं ती दोघं त्या जिन्यात बोलली, म्हणजे ती बोलायची आणि हे शिवी घालून होकार द्यायचे.

पण मग थंडी आली. जिन्यात वारा असा घुसायचा की माझी मशीनवरची बोटं वळेनात. दाजींना खोकला झाला, तो छातीत उतरला, आणि डॉक्टरांनी बाहेर बसणं साफ बंद केलं. घरात पुन्हा शुकशुकाट. बाई म्हणाल्या, थंडी सरेपर्यंत हे गप्प राहिले तर मिळवलेलं सगळं जाईल.

ताईने त्यांच्यापुढे हात जोडले. "अहो, घरात बोला. मीच सांगतेय ना." दाजींनी नाही म्हणून मान हलवली. डाव्या हाताने बाहेर भिंतीशी ठेवलेल्या बुटांकडे बोट केलं. ताईने बूट आत आणून पलंगाशी ठेवले, तर ते इतके कासावीस झाले की बूट परत बाहेर न्यावे लागले. काय म्हणावं या माणसाला? माझा जीव तुटत होता आणि हात उगारावासाही वाटत होता.

एका सकाळी मी वर गेले तर ताई स्वयंपाकघरात ओट्याखाली शिरलेली. नळ गळत होता. असली कामं नेहमी दाजींची. ते स्वयंपाकघराच्या दारात खुर्चीवर बसून बघत होते, मांडीवरचा हात चुळबुळत होता. ताईने त्यांच्या पेटीतला पाना काढला होता आणि गंजलेल्या नटाला लावून जीव खाऊन ओढत होती. नट हलेना. मी म्हटलं, ऊठ, मी बघते. तिने ऐकलं नाही. पुन्हा जोर केला, पाना सटकला आणि बोटांची सालटं निघाली.

ताई तशीच बसून राहिली. बोटाचं रक्त बघत. मग मान वर करून एकदा दाजींकडे पाहिलं, परत नटाकडे वळली आणि पहिलीतलं पोर धडा वाचतं तशी, एकेक अक्षर सुटं करत म्हणाली,

"हल की, भडव्या."

शिव्यांत माझा जन्म गेला, पण अंगावर काटा आला. बापाच्या घरात ज्या शब्दाने तिच्या हातून भांडी पडायची, तो तिने स्वतःच्या स्वयंपाकघरात, स्वतःच्या तोंडाने उच्चारला होता. पाना हातात घट्ट धरलेला होता.

दाजींना खोकला लागला असं मला आधी वाटलं. पण ते हसत होते. हसता हसता डोळ्यांतून पाणी गळत होतं. काठी टेकून ते उठले, मी धरायला गेले तर मला ढकललं. पाय ओढत ओट्याशी आले, काठी ओट्याला लावून वाकले, आणि चांगल्या हाताने ताईच्या हातातला पाना काढून घेतला. ओठ थरथरत होते.

"भडव्या," दाजी ताईला म्हणाले. घरात. "आधी... तेल."

ताईने मनगटाने डोळे पुसले. तेलाची बाटली तिच्या कोपराशीच होती, मला दिसत होती, तिलाही दिसत होती. तिने ती पायाने हळूच ओट्याखाली सरकवली आणि म्हणाली,

"कुठं ठेवलंय, ते सांगा आता."