फ्लेक्सखालचा बगीचा

मंडळी, आज आमच्या ले-आउटवर घोर संकट कोसळलं. चौकातला कोण्या भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स वाऱ्याने फाटला. हुडकेश्वरच्या उन्हात ऑटोची वाट पाहायला तेवढीच सावली होती हो.

फ्लेक्सखालून जुनी पाटी निघाली. तिच्यावर ले-आउटचा मंजूर नकाशा रंगवलेला. मी कौतुकाने माझा प्लॉट शोधला, तर तिथे हिरवा चौकोन आणि आत अक्षरं, 'बगीचा'. दलालाने दाखवलेल्या नकाशात बगीचा नाल्यापलीकडे होता.

शेजारचे मेश्रामजीही त्याच चौकोनात. खापरखेड्याच्या वीजकेंद्रातून रिटायर झाले आणि सगळी पुंजी या घरात घातली. स्लॅब कालच टाकून झाला.

"आता हे पाडतीन का गा?" त्यांनी विचारलं.

"झाडं लावून टाका मेश्रामजी, माळी आहो म्हणून सांगू," मी म्हणालो.

ते हसले नाहीत. मेश्रामवहिनी म्हणाल्या, "तुमाले मस्करी सुचून राहिली भाऊ. आमी वीजकेंद्राचं क्वार्टर सोडून आलो."

तुमच्या ले-आउटच्या पाटीवर कोणाचा वाढदिवस चिकटलाय, तेवढं आजच बघून घ्या.

संध्याकाळी मेश्रामजी विटांवर बसून होते. ताजा स्लॅब तडकू नये म्हणून त्याला पाणी द्यायचं कोणालाच सुचलं नव्हतं. माझं घर बांधताना मी गावी अडकलो, तेव्हा हा माणूस खापरखेड्याहून स्कूटरने येऊन माझ्या स्लॅबला पाणी मारून जायचा.

मी पाइप उचलला, वर चढलो आणि त्यांचा स्लॅब कडेपर्यंत भिजवला.