तिसऱ्या हाकेपर्यंत चहा

चहाच्या धंद्यात किस्से उष्ट्या कपांसारखे साचतात. सकाळी सिंकमध्ये एकच असतो. वाटतं, नंतर बघू. दुपारी बघावं तर नळापर्यंत ढीग! म्हणून म्हटलं, आज चार विसळून ठेवावेत.

मी भागवत. मुकुंदवाडी स्टेशनबाहेर मामाच्या गाड्यावर सहा वर्षं चहा केला. तेवढ्यात जवळच्या एका कॉलेजातल्या पोरांनी सायकल स्टँडशेजारच्या रिकाम्या खोलीत कॅफे काढायचं ठरवलं. मॅनेजर विद्यार्थी, वाढपी विद्यार्थी, सगळं विद्यार्थीच. फक्त चहा एकालाही येत नव्हता!

माझी रीतसर मुलाखत झाली. टेबलामागं करमाडची शिवानी, म्हणजे मॅनेजर. शेजारी इम्रान. त्याच्या घरची बेकरी, म्हणून खाण्याचं खातं त्याच्याकडं.

"तुमची स्ट्रेंथ काय?" शिवानीनं कागदावरून वाचलं.

"चहा."

"आणि वीकनेस?"

मी फरशीकडं बघत राहिलो. बराच वेळ. शेवटी इम्रान तिच्या कानाशी लागला, "लिख ले ना, शरमाते."

झालं, लागलो!

प्राचार्य सरांनी मुदत दिली एका महिन्याची. "पोरं तासाला बसायची सोडून इथं बसतील, याची मला खात्री आहे. महिन्यानं येऊन बघेन. पटलं नाही तर खोली झेरॉक्सवाल्याला. त्याचा अर्ज माझ्याकडं आहे."

इकडं मामानं माझ्या जागी दुसरा माणूस ठेवला होता. "शाळा सोडलीस, गाडा सोडलास. आता ते तरी सोडू नको रं," एवढंच म्हणाला.

*

इम्राननं मेनू भिंतीवर टाइमटेबलसारखा लावला. सोमवारी पोहे, मंगळवारी उपमा, बुधवारी साबुदाणा.

मंगळवारी एक पोरगं आलं. "पोहे हायत का?"

"आज सिलॅबस में नहीं है," इम्रान गंभीरपणे म्हणाला.

"मग कालचा बॅकलॉग तरी द्या!"

तेव्हापासून शनिवारी आठवडाभरातलं उरलेलं शेव-फरसाण, मटकी आणि कांदा एकत्र करून डिश निघायला लागली. नाव ठेवलं 'एटीकेटी'. सगळ्यांत जास्त तीच खपली!

*

शिवानीला फळ्यावर 'कॅपुचिनो' पाहिजे होती. मशीन नव्हतं. मी लग्नघरी करतात तशी कॉफी-साखर वाटीत घोटून घोटून फेस काढला. फेस झकास! त्यावर इम्राननं कोको पावडरनं बदामाचा आकार काढला. तो जरा एका बाजूला कलला.

पहिला कप घेतला शेवटच्या वर्षाच्या एका पोरानं. समोर वर्गातली मुलगी. पोराला आधीच घाम फुटलेला. त्यानं कप हळूच तिच्यापुढं सरकवला.

मुलगी वाकून बघत म्हणाली, "अरे वा, करंजी!"

ते पोरगं अजून इम्रानशी बोलत नाही.

*

आता माझी अडचण. चहा झाला की गिऱ्हाइकाला नावानं हाक मारायची असा नियम होता. माझ्या तोंडून हाक निघायचीच नाही. सात कप ट्रेमध्ये गार झाले आणि मी त्यांच्याकडं बघत उभा!

"भागवतभाऊ, जरा जोरात!" शिवानी म्हणाली.

"ताई, नाय जमत."

मग तिला शाळेचं सांगितलं. नववीत गुरुजी हजेरी घ्यायचे. माझा नंबर आला की घशातून आवाज फुटायचा नाही. मी हात वर करायचो. गुरुजी मान वर न करता म्हणायचे, "आवाज नाही आला, म्हणजे पोरगं नाही आलं." वर्षभर मी दुसऱ्या बाकावर बसून गैरहजर होतो. शाळेनं वडलांना बोलावून सांगितलं, पोरगं शाळेत येतच नाही. वडलांनी मारलं. मग मी खरंच जायचं बंद केलं.

शिवानीनं एक जाड रजिस्टर आणून माझ्यापुढं ठेवलं.

"नावं नकोत. रोल नंबर घ्यायचा, लिहायचा आणि नुसता नंबर म्हणायचा. आकड्याला काय लाजायचं?"

मी भीत भीत म्हणालो, "सतरा."

कोपऱ्यातून सवयीनं आवाज आला, "प्रेझेंट, सर!"

मी मागं वळून बघितलं. सर कुठं आले?

*

त्यातून एक नवीनच घोळ झाला. तासाला मित्राची हजेरी लावणारी पोरं इथंही "प्रेझेंट!" म्हणून मित्राचा चहा प्यायला लागली.

एक जण हात धुऊन आला. "माझा चहा?"

मी रजिस्टर बघितलं. "तुमची हजेरी लागलीय."

"अहो, पण मी नव्हतो!"

"लागलीय."

शेवटी शिवानीनं नियम केला. हात वर करून स्वतः उत्तर द्यायचं. तीन हाका. तिसरीलाही उत्तर नाही आलं तर गैरहजर, आणि चहा पुढच्या नंबराला. नियम सगळ्यांना सारखा!

*

महिना भरला. प्राचार्य सर आले, काखेत झेरॉक्सवाल्याचा अर्ज. आमच्या नशिबानं तास चालू होते आणि आत मोजकीच पोरं होती. सर रांगेत उभे राहिले आणि म्हणाले, "एक चहा."

त्यांना रोल नंबर कुठला? शिवानीनं घाबरून रजिस्टरमध्ये लिहिलं, एक.

चहा झाला. सर भिंतीजवळ पाठमोरे उभे राहून 'एटीकेटी' म्हणजे काय ते वाचत होते.

"एक," मी म्हणालो. सरांचं लक्ष नाही.

"एक!" दुसऱ्यांदा. शिवानी मला डोळ्यांनी खुणावत होती, नेऊन दे, नेऊन दे! पण नियम तिनंच केला होता.

मी छाती भरून श्वास घेतला. "रोल नंबर एक!" एवढा मोठा आवाज माझा आहे, हे मलाच माहीत नव्हतं.

सर वाचतच होते. मी पेन उचललं, गैरहजरी मांडली आणि कप पुढच्या नंबराला दिला.

सर वळले. "अरे, तो माझा चहा! मी इथंच उभा आहे की!"

"सर," मी म्हणालो, "आवाज नाय आला."

इम्राननं डोळे मिटून घेतले. ज्याच्या हातात कप गेला होता ते पोरगं तो धड पिईना, धड खाली ठेवीना.

सर माझ्याकडं बघत राहिले. मग रजिस्टरकडं. मग गुपचूप जाऊन पुन्हा रांगेच्या शेवटी उभे राहिले.

दुसरा चहा झाला.

"रोल नंबर एक!"

प्राचार्य सरांनी हात सरळ वर केला आणि सायकल स्टँडपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "हजर!"

मग टेबलाशी बसले, झेरॉक्सवाल्याचा अर्ज पुढ्यात पसरला आणि त्यावर गरम कप ठेवला.