कावेरी आंटीच्या गावाला

आमच्या धाकट्याची अशी ठाम समजूत होती, की कावेरी नावाची कुणी बाई आमच्या बिल्डिंगला पाणी देऊन जाते. त्यात त्याची काही चूक नव्हती. बेंगळूरच्या जे. पी. नगरात उन्हाळा सुरू झाला की जिन्यात, लिफ्टमध्ये, वॉचमनच्या खुर्चीपाशी एकच बोलणं चालतं. “कावेरी आली का?” “सकाळीच येऊन गेली.” “आज कावेरी नाही, टँकर सांगा.” चार वर्षांच्या पोरानं यातून काय समजायचं? एकदा त्यानं वरच्या मजल्यावरच्या बाईंना लिफ्टमध्येच विचारलं, “तुम्हीच कावेरी आंटी का?”

त्या वर्षी मुलांना सुट्टीत कुठे न्यायचं, हा आमच्यापुढे मोठा प्रश्न होता. नवरा पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात आहे. तिथलं काम मंदावलं होतं, पुढे काय होईल ते कुणालाच सांगता येत नव्हतं, त्यामुळे हात आखडता घ्यायचा हे न बोलता ठरलं होतं. पण दुसरीतल्या मुलीला ते कसं सांगणार? तिची मैत्रीण सिंगापूरला निघाली होती. “आपण कुठे?” असं ती रोज विचारायची, आणि मी रोज “ठरवतोय” म्हणायची.

मी मूळची निपाणीकडची. माझ्या लहानपणी सुट्टीत कुठे जायचं हे ठरवावं लागत नसे. सुट्टी म्हणजे मावशी. शाळेचा शेवटचा पेपर झाला की आई आम्हाला एसटीत बसवायची आणि उतरल्यावर मावशीचे यजमान स्टँडवर उभे असायचे. तिथे काही बघण्यासारखं नव्हतं. विहीर होती, चिंचा होत्या, गर्दीनं झोपायला एक लांब सोपा होता. सुट्टी म्हणजे कुठेतरी जाणं नव्हे, कुणाकडे तरी जाणं. व्हाइटफील्डहून घरी येताना ऑफिसच्या कॅबमध्ये रोज खूप वेळ मोकळा मिळतो. त्या वेळात मी फोनवर रिसॉर्टांचे फोटो बघत बसायची आणि मनात यायचं, की माझ्या मुलांना जायला कुणाचं घरच नाही. म्हणून तर हे निळे स्विमिंग पूल बघावे लागताहेत. आणि ते निळे पूलसुद्धा आम्हाला झेपणारे नव्हते.

नंदी हिल्सचं नाव निघालं. नवरा म्हणाला, “सूर्योदय बघायला निघू आणि तो हेब्बाळच्या ट्रॅफिकमध्ये बघू.” म्हैसूर सुचवलं, तर मुलगी म्हणाली, शाळेच्या सहलीत झालंय. एका रविवारी जेवणानंतर अशीच चर्चा रखडली होती, तेव्हा धाकटा म्हणाला, “कावेरी आंटीच्या गावाला जाऊ या ना.”

मुलगी खदखदून हसली. “अरे वेड्या, कावेरी नदी आहे!”

“मग ती बिल्डिंगमध्ये कशी येते?”

तिचं पाणी नळातून येतं, असं मी सांगणार होते, पण एकदम वाटलं, खरंच का नाही? श्रीरंगपट्टण. रेल्वेनं थेट जाता येतं, दोनेक दिवसांत परत येता येतं, आणि गावाला चहूबाजूंनी नदी. मी उत्साहानं बोलत सुटले. थोड्या वेळानं लक्षात आलं, की नवरा अक्कांकडे बघतोय आणि अक्कांचे कोथिंबीर निवडणारे हात थांबलेत.

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. माहेरी त्या थोरल्या, धाकटी भावंडं त्यांना अक्का म्हणायची, म्हणून पोटचा मुलगाही अक्काच म्हणायला लागला. तसंच माझे सासरे सगळ्यांचे अण्णा. हे लोक कित्येक पिढ्यांपासून बेंगळूरचे. त्यांच्या मराठीत कन्नड इतकं मुरलंय, की लग्नानंतर पहिले काही महिने मी नुसतीच मान डोलवत असे.

संध्याकाळी गॅलरीत कपडे काढताना नवऱ्यानं मला सांगितलं. अण्णा जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांच्या अस्थी श्रीरंगपट्टणला, पश्चिमवाहिनीच्या घाटावर सोडल्या होत्या. तो आणि त्याचे काका गेले होते. बायकांना नेत नाहीत, म्हणून अक्का घरीच होत्या, आणि दोन वर्षांचा धाकटा आजारी, म्हणून मीही.

“परत आलो तर अक्कानं एवढंच विचारलं, नदीला पाणी होतं का? मी म्हटलं, भरपूर होतं.” तो हातातल्या टॉवेलाची घडी घालत राहिला. “नव्हतं गं. जेमतेम घोटा बुडत होता. खडकांमध्ये उभं राहून...” त्यानं घडी केलेला टॉवेल पुन्हा झटकला. “आता भर उन्हाळ्यात तिला तिकडे नेलं, तर तिला दिसेलच ना.”

मी म्हटलं, राहू दे, दुसरं बघू. श्रीरंगपट्टणचं नाव आम्ही दोघांनीही टाकून दिलं होतं. पण दुसऱ्याच दिवशी उप्पीट वाढता वाढता अक्कांनीच विचारलं, “श्रीरंगपट्टणाचं काय झालं मग?”

“तुमचे गुडघे...” मी चाचरत म्हटलं.

“गुडघ्याचं काय? स्वल्प चालायचं, स्वल्प बसायचं. मी पण येते.” आणि त्या डब्यातली शेव आणायला आत गेल्या.

आम्ही सकाळच्या गाडीनं निघालो. मुलांनी विमान बघितलं होतं, पण उघड्या खिडकीची रेल्वे नाही. वारा तोंडावर येतो याचंच त्यांना केवढं कौतुक! खिडकीवरून भांडण झालं, मग मद्दूर आलं, गरम वडे आले आणि भांडण मिटलं. श्रीरंगपट्टणच्या अलीकडे गाडी पुलावर शिरली, तशी मी धाकट्याला उचलून खिडकीशी धरलं. “बघ, कावेरी!”

त्यानं बराच वेळ खाली बघितलं. खाली खडकच खडक होते, मधून पाण्याच्या दोनचार धारा, बगळे, आणि खडकांवर वाळत घातलेल्या साड्या.

“पाणी कुठाय? आंटी आजारी आहे?”

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. अक्का मात्र सहज म्हणाल्या, “आजारी नव्हे रे. उन्हाळ्यात बारीक होते. पाऊस पडला की परत जाड होते.”

लॉज साधंच होतं. दोन खोल्या, लोखंडी पलंग, बाथरूममध्ये लाल बादली. मुलांना त्या पलंगाच्या करकरण्यातच आनंद होता. खिडकीबाहेरच्या झाडावर माकडं होती. ती बघण्यात पहिली दुपार गेली. संध्याकाळी किल्ल्याच्या भिंतीवर बसून भेळेसारखं काहीतरी चुरमुऱ्याचं खाल्लं. मुलीनं सिंगापूरचं नाव काढलं नाही. मी कॅबमध्ये बसून केवढी काळजी केली होती!

दुसऱ्या दिवशी इडली खाऊन झाल्यावर अक्का माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, “मला तिथं घेऊन चल.” कुठे, ते त्याला विचारावं लागलं नाही.

“अक्का, तिथं बघण्यासारखं काही नाही.”

“मला बघायचंय.”

रिक्षानं गेलो. पायऱ्या, दगडी मंडप, ओली धोतरं, फुटक्या मडक्यांचे तुकडे, झेंडूच्या पाकळ्या. एक कुटुंब विधी आटोपून परत चाललं होतं. मी मुलांना घेऊन वरच्या पायरीवर झाडाच्या सावलीत थांबले. अक्का आपल्या मुलाचा हात धरून एकेक पायरी उतरत खाली गेल्या.

“कुठं?”

“इथंच. त्या खडकाच्या अलीकडे.”

अक्कांनी चपला काढल्या, साडी थोडी वर घेतली आणि पाण्यात पाय ठेवला. पाणी घोट्याशी येत होतं. पण वाहत होतं, हे मला वरूनही दिसत होतं. नवरा घसा खाकरून म्हणाला, “अक्का, त्या दिवशी पाणी... मी तुला सांगितलं तेवढं...”

“उन्हाळ्यात पाणी कुठलं असणार? घरात नळाला नव्हतं त्या दिवसांत. मला ठाऊक नाही होय?”

“मग विचारलंस कशाला?”

“तू काय सांगतोस ते बघायला.”

अक्कांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तो चाळिशीला आलेला माणूस आहे. तो रडला नाही, पण तिथेच खडकावर बसून राहिला. मला वाटतं, दोन वर्षं तो एकटाच त्या कोरड्या खडकांत उभा होता आणि त्याच्या आईनं त्याला आज तिथून बाहेर काढलं.

मुलं कुठली थांबताहेत? ती माझा हात सोडून खाली धावली. मुलीनं विचारलं, “अज्जी, आजोबा इथे आहेत?”

“इथं सोडलं होतं. आता पुढं गेले असतील.”

“समुद्रात?”

“हो की.”

मुलीनं विचार केला. “म्हणजे ते आपल्यापेक्षा लांब गेले.”

धाकट्याला मृत्यूबित्यूचं काही नव्हतं. तो पाण्यात थपाथप पाय आपटत सगळ्यांना भिजवत होता. अशा जागी त्याला ओरडावं की नाही, ते मला कळेना. अक्का म्हणाल्या, “राहू दे गं. पाण्यात पोरं खेळणारच.”

दुपारी उन्हं उतरल्यावर संगमावर गेलो. तिथे वेताच्या टोपलीसारख्या गोल होड्या असतात. नवरा धाकट्याला घेऊन काठावर थांबला, कारण ती होडी बघूनच धाकट्यानं भोकाड पसरलं होतं. मी आणि मुलगी बसलो. अक्का नको म्हणतील असं वाटलं होतं, पण म्हाताऱ्या नावाड्यानं हात पुढे करून “बन्नी अम्मा”, ‘या अम्मा’, म्हटलं आणि त्या सरळ येऊन बसल्या. नदीच्या मध्यावर त्यानं होडी गरकन फिरवली. अक्कांनी माझा दंड असा आवळला, की नखं रुतली. आणि मग त्या हसायला लागल्या. पदर तोंडात कोंबून हसत होत्या.

“काय झालं अज्जी?”

“तुझा आजोबा पाण्याला लई भ्यायचा,” त्या म्हणाल्या. “लग्न झाल्यावर मला हलसूरच्या तळ्यावर नेलं होतं. तिकीट काढलं, होडीत बसलो, होडी स्वल्प हलली, तर मला तिथंच सोडून उडी मारून काठावर! मी एकटी फिरून आले.” त्यांना पुन्हा हसू फुटलं. “आणि असल्या माणसाला पोरानं नेऊन पाण्यात सोडलं.”

हसता हसता डोळे भरून आले, ते त्यांनी त्याच पदरानं पुसले. दोन वर्षांत आमच्या घरात अण्णांबद्दल जे बोलणं झालं होतं, ते त्यांच्या आजाराचं आणि वर्षश्राद्धाचं. होडीतून पळालेला हा तरुण माणूस मला पहिल्यांदाच भेटत होता. मुलीनं होडीतून उतरेपर्यंत पुन्हा पुन्हा विचारून ती गोष्ट परत सांगायला लावली.

परतीच्या गाडीला गर्दी होती. समोरच्या बाकावरच्या एका बाईंनी सरकून अक्कांना जागा दिली आणि कन्नडमध्ये विचारलं, “श्रीरंगपट्टणला काही कार्य होतं का?” अस्थिविसर्जनाच्या त्या गावाहून येणाऱ्या वयस्क बाईला हे विचारणं साहजिकच होतं.

“नाही,” अक्का म्हणाल्या. “पोरांना घेऊन सुट्टीला आलो होतो.”

बाईंनी पिशवीतून कैऱ्या काढल्या, त्यांच्या शेतातल्या. मग लोणच्याला मोहरी किती भाजायची यावर दोघींचं जुंपलं. रामनगरचे खडक मागे गेले तरी ते संपलं नव्हतं.