भुलाबाईची बस

"एक टण, थांबा. दोन टण, चला."

भाऊंच्या तालमीत एवढे दोनच नियम होते. भंगारातून आणलेली एक पितळी घंटी त्यांनी मंडपाच्या बांबूला टांगली होती आणि तिची दोरी कायम त्यांच्या मुठीत असे.

मुलांनो, परवा पाठवलेल्या व्हिडिओत आमचं नाटक मध्येच का थांबलं, असं तुम्ही विचारलंत. त्यासाठी आधी तुम्हाला भाऊ माहीत व्हायला हवेत.

भाऊ बसचे रिटायर कंडक्टर. पोट थोडं पुढे, चाल मात्र हलकी, चालत्या गाडीत तोल सांभाळून फिरणाऱ्याची. नोकरीत बरीच वर्षं ते फुलसावंगीच्या मुक्कामी गाडीवर होते. गावात दंडार असली, म्हणजे रात्रभर चालणारं नाचगाण्याचं नाटक, की ते पहिल्या रांगेत जाऊन बसत. पण दंडार संपायची ऊन आल्यावर, आणि गाडी सुटायची त्याच्या आधी.

"राजा लढाईले गेला का मी गाडीकडे," ते सांगत. "तो वापस आला का मेला, मले अजून ठाऊक नाही."

म्हणून त्यांनी आर्णीच्या आमच्या कॉलनीत स्वतःच नाटक बसवायला घेतलं. "एक त नाटक शेवटपर्यंत पाहीन, वहिनी," असं मला म्हणाले आणि पहिल्या रांगेतली मधली खुर्ची त्यांनी तेव्हाच स्वतःसाठी राखून टाकली.

विषय भुलाबाईचा. भुलाबाई म्हणजे पार्वती. कोजागिरीच्या आधीचा महिनाभर ती माहेरी येते आणि आपल्याकडे मुली तिची गाणी म्हणतात. भाऊंच्या नाटकात ती बसने येई. कॉलनीतल्या बायका जोडीजोडीने रांगेत उभ्या राहिल्या की झाली बस. फुलसावंगीच्या रस्त्याचा प्रत्येक खड्डा भाऊंना पाठ होता आणि तोच आमचा नाच. फाटा आला की सगळ्यांनी डावीकडे झुकायचं, पूल आला की सावकाश, खड्डा आला की एकदम उडी. आमची भुलाबाई झालेली मंदा एकदा म्हणाली, आता तो रस्ता चांगला झाला, मग खड्डे काहून?

"नाटक जुन्या रस्त्याचं हाय, माय," भाऊ म्हणाले. "नव्या रस्त्यावर नाचता येते काय?"

मला त्यांनी भुलाबाईची आई केलं होतं. नाटकभर दारात उभं राहून वाट पाहायची आणि शेवटच्या गाण्यात लेकीला जवळ घ्यायचं. मी फार ताठ उभी राहते, ही त्यांची रोजची तक्रार. "वहिनी, शाळेत इन्स्पेक्शन नाही चालू. लेक येऊन राह्यली तुमची."

प्रयोग कोजागिरीच्या आदल्या संध्याकाळी, उजेडातच, शाळेच्या मैदानावर होता. लोक हसतील म्हणून भाऊंनी दुपारीच घंटी उतरवून ठेवली. आता इशारा फक्त सलीमभाईंच्या पेटीचा. सलीमभाईंचं मोटारसायकलींचं गॅरेज, पेटी हौसेची. भाऊ इस्त्रीचा सदरा घालून आपल्या खुर्चीत बसले.

बस छान पुलापर्यंत आली. तेवढ्यात मंडपाबाहेर कुल्फीवाल्याच्या गाडीचं चाक दगडावरून उतरलं आणि गाडीची घंटी एकदाच वाजली. टण.

बस थांबली. कुणाचा पाय उचललेला, कुणाचं तोंड उघडं, सगळ्या तशाच. सलीमभाईंची बोटं पेटीवर थांबली. मीसुद्धा डोळ्यांवर धरलेला हात खाली घेतला नाही. पुढे चालायचं हे कळत होतं, पण महिनाभराची सवय, पाय ऐकेनात. भाऊ उठले आणि लोकांच्या पायांवर पाय देत बाहेर धावले. क्षणभराने बाहेरून आवाज आला, टण टण. बस निघाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, प्रवासी घ्यायला थांबली असेल.

शेवटच्या गाण्यात मंदाला जवळ घेताना मी समोर पाहिलं. भाऊंची खुर्ची रिकामी होती.

घंटी पुन्हा वाजू नये म्हणून ते कुल्फीच्या गाडीपाशी, तिचा लोलक मुठीत धरून, नाटक संपेपर्यंत उभे होते. कुल्फीवाला कुरकुरत होता. मी म्हटलं, भाऊ, तुमचा शेवट राहिला.

"ऐकला ना," ते म्हणाले. "टाळ्या वाजल्या. म्हणजे पोहोचली बाई घरी." आणि बराच वेळ रुमालाने हात पुसत राहिले.

सलीमभाईंनी पेटी पुन्हा उघडली. मंदाने काढलेल्या बांगड्या परत चढवल्या. बायका अर्ध्या खाल्लेल्या कुल्फ्या हातात घेऊन रांगेत आल्या. भाऊंच्याही हातात एक देऊन आम्ही त्यांना खुर्चीत बसवलं. ते म्हणाले, चला. कोणी हललं नाही. तेव्हा ते मागे वळून कुल्फीवाल्याला म्हणाले, "अबे, वाजव ना दोनदा."

या हिवाळ्यात भाऊ कळंबला लेकीकडे राहायला गेले. त्यांची घंटी आपल्या दाराशी टांगली आहे. तुम्ही याल तेव्हा वाजवा, पण दोनदाच.

मला ते त्या खुर्चीतलेच आठवतात. रिकाम्या मंडपात बस आली, मंदा उतरली आणि मी ताठबीठ न राहता दारातून धावले. तिच्या खांद्यावरून पाहिलं, तर भाऊंचा उजवा हात वर, हवेत, जिथे दोरी असायची तिथे. गाव आलं होतं. आणि डाव्या हातातली कुल्फी मनगटावरून इस्त्रीच्या बाहीत ओघळत होती.